एकविसावा हात

"बाबा, तुम्ही केलेल्या बंदुकीनं आजवर कुणी मेलंय का?"

हा प्रश्न टकळीचा नव्हता, तिच्या मैत्रिणींचा होता. शाळेच्या जिन्यात डबे खाताना पैज लागली होती. घरातल्या मोठ्या माणसाला प्रत्येकीनं असं काहीतरी विचारायचं, जे घरात कुणी कधीच विचारत नाही. एकीनं मावशीला तिचं खरं वय विचारायचं होतं. दुसरीनं काकांना विचारायचं होतं, डोक्यावरचे केस तुमचेच का. टकळीच्या वाट्याला हा आला. जी कच खाईल तिनं सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर गाणं म्हणायचं. टकळी कच खाणारी नव्हेच. शिवाय तिचं गाणं शाळेनं एकदा ऐकलेलं होतं आणि दुसऱ्यांदा ऐकण्याची शाळेची तयारी नव्हती.

तिच्या बाबांच्या हातातला काचपेपर थांबला नाही. "दस्ता कुणाला मारत नाही, टकळे. दस्ता खांद्याला टेकतो. लोखंडाच्या कामाशी माझा संबंध नाही. मी लाकडाचा माणूस."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे नाही."

"मग मी जिंकले," म्हणत ती दोन-दोन पायऱ्या गाळत माडीवर पोचलीसुद्धा.

मित्रांनो, त्या दिवशी मी त्या घरात नव्हतो. मी दुसऱ्या गावातल्या एका घरात, पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या चादरीत गुंडाळलेला पडून होतो. हे सगळं मला नंतर टकळीनंच सांगितलं. तिला वस्तूंशी बोलायची सवय आहे. कंपासपेटीशी बोलते, गॅसच्या शेगडीशी बोलते, भांडण झालं तर दाराशीसुद्धा बोलते. बोलण्याची टकळी दिवसभर चालू, म्हणून बाबांनी तिला ते नाव ठेवलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला ट्रंकेतही माहीत होतं. मी एक जुना दस्ता आहे. बंदुकीचा लाकडी भाग, जो माणूस खांद्याला लावतो, तो मी. मला टकळीच्या बाबांनीच घडवलं. आणि त्यांनी 'नाही' म्हटलं ते उत्तर चुकीचं होतं, हे सांगायला माझ्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

माझी सुरुवात एका अक्रोडाच्या बुंध्यात झाली. झाड पडलं, बुंधा चिरला गेला आणि माझी फळी त्या कारागिराच्या, म्हणजे टकळीच्या बाबांच्या, माळ्यावर येऊन पडली. तिथं मी सहा वर्षं नुसता वाळत होतो. ओलं लाकूड घाईनं कापलं तर ते पुढे वाकतं, आणि दस्ता वाकला की बंदुकीची नळी भलतीकडेच बघू लागते. म्हणून हा कारागीर थांबायचा. गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही कुरकुरलं तरी तो म्हणायचा, "लाकूड तयार झालं की तेच मला सांगेल."

त्याचा कारखाना म्हणजे रस्त्याकडची एक खोली. मोठी खिडकी, खिडकीखाली बाक, बाकावर लाकूड आवळून धरणारा लोखंडी शिकंजा, भिंतीवर रंधे, पटाशा आणि कानशी उंचीप्रमाणे टांगलेल्या. जमिनीला खडबडीत सिमेंट आणि त्यावर कायम बोटभर भुसा. मधल्या पडद्यापलीकडे स्वयंपाकघर. भुसा पडद्याच्या अलीकडे राहिला पाहिजे हा घरातला एकमेव कायदा होता आणि तो टकळीच्या आईनं केलेला होता.

एके दिवशी मला माळ्यावरून खाली काढलं. करवतीनं माझा आकार निघाला. पटाशीनं माझ्या पोटात नळी बसायची खोबण कोरली. मग मला शरीर आलं. जिथं माणूस गाल टेकवतो तो माझा गाल. जिथं मी बारीक होतो आणि मुठीत मावतो ते माझं मनगट. आणि अगदी मागचा भाग, जो खांद्याला लागतो आणि बंदूक उभी केली की जमिनीवर टेकतो, तो माझा तळवा. मित्रांनो, हा तळवा लक्षात ठेवा.

आकार देणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं काम कुणाला दिसत नाही. आधी जाड काचपेपर, मग मध्यम, मग इतका बारीक की तो कागद नुसता हातात धरला तरी मऊ लागावा. मला वाटलं, झालं. तर त्यानं ओलं फडकं आणलं आणि मला नखशिखांत पुसून काढलं. मी शहारलो. दबून बसलेले माझे सगळे तंतू उभे राहिले आणि तान्ह्या बाळाच्या पाठीवर असते तशी लव माझ्या अंगावर आली. त्यानं मला वाळू दिलं, ती लव हलक्या हातानं काढली आणि पुन्हा ओलं फडकं. असं चार वेळा. पाचव्या वेळी फडकं फिरलं तेव्हा लव आली नाही. तो स्वतःशीच म्हणाला, "आता तू माणसात आलास."

मग तेल सुरू झालं. जवसाचं तेल तळहातावर चार थेंब घ्यायचं आणि उघड्या हातानं चोळत राहायचं. फडकं नाही, ब्रश नाही. तळहात तापला पाहिजे. हात तापला की तेल पातळ होतं आणि लाकडात उतरतं. रंगाचे हात देतात तसेच हे तेलाचे हात. एका दिवशी एकच हात, मग दिवसभर वाळवण. प्रत्येक हात झाला की तो माझ्या पोटातल्या खोबणीत पेन्सिलीनं एक बारीक उभी रेघ मारायचा. नळी बसली की त्या रेघा झाकल्या जातात. त्या फक्त त्याला आणि मला माहीत.

वीस रेघा झाल्या. एकविसावा हात शेवटचा. त्यानंतर एकच काम उरणार होतं, तळव्याचं. तळव्याला ओल शिरू नये एवढंच तेल द्यायचं, चकाकी आणायची नाही. उलट कानशीनं त्यावर आडव्या बारीक खाचा पाडायच्या. खाचा असल्या की दस्ता खांद्यावरून सरकत नाही आणि उभा केला तर जमीन धरून राहतो. हे त्यानं दोनशे दस्त्यांना केलं होतं. डोळे मिटून केलं असतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी तो मला चोळत असताना शेजारच्या दुकानातला न्हावी धावत आला. दवाखान्यातून फोन त्याच्याकडे आला होता. "मुलगी झाली," तो दारातूनच म्हणाला. "दोघी ठीक आहेत. आवाज फोनमधूनसुद्धा ऐकू आला मला, एवढी रडतेय."

कारागीर खाली बसला, मला मांडीवर घेतलं आणि हसत सुटला. एकटाच. हसता हसता तो मला चोळत राहिला. गाल झाला, मनगट झालं, तळवा आला तरी त्याचा हात थांबेना. वर मेण घेतलं, तेही चोळलं. त्या तळहातात एवढी ऊब मी आधी कधी अनुभवली नव्हती. शेवटी त्यानं मला उलटं धरलं तर माझ्या तळव्यात समोरची अख्खी खिडकी दिसत होती. त्यानं खोबणीत एकविसावी रेघ मारली, तिच्यापुढे तारीख घातली आणि बारीक अक्षरांत लिहिलं, 'मुलगी झाली'. मग तशाच तेलकट हातांनी दवाखान्यात पळाला.

दुसऱ्या दिवशी माझं गिऱ्हाईक आलं. तो फळबागेचा राखणदार होता, तरणा, लाजरा, बोलताना खाली बघणारा. कारागिराच्या हातात त्या वेळी कानस होती. खाचा पाडायच्या राहिल्या होत्या. राखणदारानं मला उलटं केलं आणि तळव्यात स्वतःचं तोंड बघितलं.

"दादा, आरसाच की हा."

"तिथं खाचा पाडायच्यात अजून."

"राहू द्या ना. एवढ्या चकाकीवर कशाला कानस फिरवता?"

कारागिरानं कानशीकडे बघितलं, चकाकीकडे बघितलं. दोनशे दस्त्यांत असा एकही उतरला नव्हता. "बरं," तो म्हणाला.

मित्रांनो, त्याला नाही म्हणता आलं असतं. मला एवढंच म्हणायचंय.

पुढची दहा वर्षं माझी चांगली गेली. राखणदाराचं घर बागेच्या कडेला होतं. पडवीतल्या एका कोपऱ्यात माझी जागा ठरलेली होती. जमीन मातीची होती आणि माती मायाळू असते, ती गुळगुळीत तळव्यालाही धरून ठेवते. मी तिथं उभा राहायचो तो रात्रंदिवस उभा. राखणदार सज्जन माणूस. रानडुकरं आली तर आभाळाकडे बार काढायचा आणि घरात पाऊल टाकण्याआधी न चुकता बंदूक रिकामी करायचा. त्याची बायको आठवड्याला मला मऊ फडक्यानं पुसायची. येणारा-जाणारा विचारायचा, कुणाच्या हातचा हा दस्ता? मी आतून फुगायचो. स्तुती लाकडालाही चढते.

राखणदाराचा थोरला भाऊ गवंडी होता. गडगडाटी हसणारा, आईचा लाडका आणि धाकट्याचा जीव. त्यानं एकदा ठरवलं, भावाच्या घराला फरशी घालायची. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या खर्चानं. पांढऱ्याशुभ्र फरश्या होत्या. त्यानं पडवीपासून सुरुवात केली आणि तीन दिवसांत अशी बसवली की दोन फरश्यांच्या मधे नख जाणार नाही. मग तोही ती चोळत बसला. दोन कारागीर, आयुष्यात कधी भेटले नाहीत, आणि दोघांनी जीव ओतून दोन आरसे केले. एक वर, एक खाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राखणदार फेरी मारून आला. थोरला पडवीत गुडघ्यांवर बसून भिंतीकडचे सांधे भरत होता. "ती बादली दे रे आधी," तो म्हणाला. "हात अडकलेत माझे." राखणदारानं मला नेहमीच्या कोपऱ्यात, त्याच दिवशी बसलेल्या फरशीवर टेकवलं आणि बादलीला हात घातला. बंदूक रिकामी करायची होती. बादली दिली की करणारच होता. दोन पावलांचा प्रश्न होता.

मी घसरलो. मित्रांनो, मला पाय नाहीत, बोटं नाहीत. मी फरशीला धरायला गेलो पण धरण्यासारखं माझ्या तळव्यात काहीच नव्हतं. बार झाला. मी पडलो तो मनगटात चिरलो.

थोरला पुन्हा उठला नाही.

चौकशी झाली. नळी आणि घोडा सरकारनं ठेवून घेतले, लाकूड म्हणून मला परत दिलं. चौकशीत मला सिमेंटच्या ओट्यावर आडवं ठेवून मोजलं, फोटो काढले. माझ्या तळव्याकडे कुणी बघितलं नाही. राखणदार सांगत होता, "मी नीट टेकवली होती. ती आपोआप घसरली." साहेब लोकांनी लिहून घेतलं. गावानं ऐकून घेतलं. विश्वास कुणी ठेवला नाही. कुणी म्हणालं, हातातून पडली असेल आणि सांगायला लाजतोय. कुणी म्हणालं, प्यायला असेल. ज्यानं आयुष्यात घोटभर घेतली नाही, त्याला. आणि त्याच्या आईनं काहीच म्हटलं नाही. तिनं त्याच्याशी बोलणंच सोडलं.

मी ट्रंकेत गेलो. पाच वर्षं अंधार. तेल नाही, हात नाही. माझी चीर वाढत गेली. बाहेर त्या घरात किती शांतता असायची हे मला पत्र्यातूनही कळायचं.

टकळीनं पैज जिंकल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, एका शनिवारी दुपारी, राखणदाराच्या बायकोनं मला चादरीसकट उचललं आणि बस पकडली. कारागिराचं दार पंधरा वर्षांपूर्वीचंच होतं. बाकाच्या एका टोकाला दप्तर उघडून टकळी भूमिती सोडवत होती, म्हणजे भूमितीला नावं ठेवत होती.

बाईनं गाठ सोडली. कारागिरानं मला बघितलं. त्यानं मला हातात घेतलं नाही. कुठल्याही दस्त्याला बघितल्याबरोबर त्याचा हात पुढे होतो, त्या दिवशी झाला नाही.

बाईनं सगळं सांगितलं. थोरल्या दिराचं, फरशीचं, नवऱ्याचं. रडली नाही. पाठ झाल्यासारखं सांगितलं. शेवटी म्हणाली, "दादा, हा तुमच्या हातचा. तुमच्याइतकं यातलं कुणाला कळणार? मला एकच सांगा. हा आपोआप घसरू शकतो का?"

कारागीर बाकावरचा भुसा हातानं एका बाजूला सारू लागला.

"तुम्ही सांगितलंत तर मी सासूबाईंना सांगेन," ती म्हणाली. "त्या माझं ऐकत नाहीत. पण करणाऱ्याचं ऐकतील. पाच वर्षं झाली. हे वाढतात, त्या ताट तसंच सरकवतात. एका घरात राहून. आता हे पण बोलेनासे झालेत. परवा म्हणाले, असेल, माझ्या हातूनच पडली असेल. इतकी वर्षं नाही म्हणणारा माणूस हो म्हणायला लागला."

कारागिराचे डोळे माझ्या तळव्यावर होते. अजूनही तिथं चकाकी होती. ट्रंकेच्या अंधारानं सगळं नेलं, ती नेली नाही.

"भरलेली बंदूक कोपऱ्यात ठेवायची नसते, ताई," तो म्हणाला.

"ते कबूलच आहे. ते स्वतः रोज कबूल करतात. मी विचारते, घसरू शकतो का?"

"दस्ता असा घसरत नाही," कारागीर म्हणाला.

बाईनं चादरीची घडी घालून पिशवीत ठेवली. "हा तुमच्याकडेच राहू द्या. घरात नको वाटतो आणि जाळायला हात धजत नाही." ती गेली. कारागिरानं मला उचलून माळ्यावर टाकलं, थेट मागे, जिथं मी पूर्वी वाळत होतो. आणि टकळीची आई अजून कामावरून आली नव्हती तरी "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणून निघून गेला.

टकळीच्या मनात त्या बाईचं बोलणं राहिलं होतं. तिनं शिडी लावली आणि मला खाली काढलं. ती नुकतीच बाबांकडून काचपेपर धरायला शिकली होती आणि आपल्याला आता जगातलं काहीही दुरुस्त करता येईल अशी तिची खात्री होती. "तुझी चीर मी भरणार," ती मला म्हणाली. "बाबांना दाखवणार. मग आपण तुला काकूंकडे नेऊ. म्हणजे त्यांना जरा तरी बरं वाटेल." तेव्हाच तिनं मला पैजेची गोष्ट सांगितली. मी ऐकत होतो. माझ्या अंगावर पाच वर्षांनी हात फिरत होता. मला वाटलं, हिनं इथंच थांबावं.

ती थांबली नाही. भुसा झटकायला तिनं माझी खोबण फुंकली आणि रेघा दिसल्या. तिनं बोट ठेवून मोजल्या. एकवीस. पुढे तारीख. पुढे 'मुलगी झाली'.

"आई!" आई त्याच वेळी मागच्या दारानं घरात शिरत होती. ती दवाखान्यात नावं नोंदवायच्या खिडकीवर बसते आणि दिवसभर आजारी माणसांची नावं लिहून थकते. टकळी मला घेऊन पडदा ओलांडून, भुशासकट स्वयंपाकघरात. "हे बघ. माझी जन्मतारीख. मी या दस्त्यात आहे."

आईनं चष्मा लावून वाचलं आणि तिचा थकवा जरासा उतरला. "म्हणजे त्या दिवशी यालाच चोळत होते तर. त्या तेलकट हातांनी तुला घेतलं पहिल्यांदा. तू शिंकलीस आणि त्यांनी नर्सला बोलावलं, म्हणाले मुलीला सर्दी झालीय. तासाभराच्या मुलीला."

टकळी खळखळून हसली. "थांब, फोटोच काढते." तिनं मला फ्रिजशेजारी भिंतीला टेकवलं आणि फोन घ्यायला वळली.

स्वयंपाकघरात फरशी होती.

मी खाली आलो तेव्हा मोठा आवाज झाला. "अगं, फरशी फुटेल," आई म्हणाली. टकळीनं मला उचललं, पुन्हा टेकवलं, या वेळी जपून, जास्त उभं. हात काढला. मी एक क्षण थांबलो, मग सरकलो. तिनं मला वरच्या वर झेललं. तिसऱ्यांदा टेकवलं. मग तिनं मला उलटं केलं. तळव्यात तिचा चेहरा दिसत होता.

ती काही बोलली नाही. रात्री जेवतानाही नाही. आईनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

रविवारी सकाळी मला जाग आली ती शिकंज्यात. माझा तळवा वर होता आणि कारागिराच्या हातात कानस होती. पंधरा वर्षांपूर्वी जी भिंतीवर परत टांगली होती, तीच. त्यानं तिचा पहिला दात माझ्या तळव्यावर टेकवला. त्याला राहिलेलं काम पुरं करायचं होतं की केलेलं पुसायचं होतं, मला अजून सांगता येत नाही. मला वाटतं, त्यालाही सांगता आलं नसतं. एक खाच पडली असती तरी माझ्या बोलण्याला पुरावा उरला नसता.

"बाबा, थांबा."

टकळी पडद्यात उभी होती. तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस.

"राहिलेलं काम करतोय," तो म्हणाला.

तिनं ब्रश काढला. "मी परत विचारते. तुम्ही केलेल्या बंदुकीनं कुणी मेलंय का? या वेळी पैज नाहीये."

कारागिरानं कानस बाकावर ठेवली.

"एक," तो म्हणाला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"काल. ताईंनी चादर सोडली तेव्हा. फरशी म्हणाल्या तेव्हा."

"मग घसरत नाही असं का म्हणालात?"

"भरलेली बंदूक कोपऱ्यात ठेवायची नसते, हे काही खोटं नाही."

"खोटं नाही. पण काकूंनी ते विचारलंच नव्हतं."

तो खाली बसला, त्याच जागी, जिथं हसत बसला होता. "मी त्या दिवशी फार आनंदात होतो गं."

"माहितेय. माझ्यामुळं."

"तुझ्यामुळं नाही. तू तर तिकडं रडत होतीस." त्यानं तळहात चेहऱ्यावरून फिरवला. "दुसऱ्या दिवशी कानस होती हातात. एवढी चकाकी मोडवेना. आणि आता सांगून काय होणार? गेलेला माणूस परत येतो का?"

"गेलेला नाही येणार. पण जो आहे, तो रोज थोडा थोडा जातोय, बाबा."

आई पडद्याशी येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "उद्या हे गावभर होईल," ती हळू म्हणाली. "मग कोण देईल यांच्याकडे काम?" पण ती टकळीकडे बघून बोलली नाही. माझ्याकडे बघून बोलली, आणि वाक्य संपेपर्यंत तिचा आवाज उतरला.

मित्रांनो, माझी गोष्ट इथं संपते. मला दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. माझी चीर आहे तशी राहिली तरी चालेल. पण तुम्ही हातानं काही कराल, खुर्ची, शिडी, पेटी, काहीही, तेव्हा ते उलटं करून बघा. जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं बघा. तिथं खडबडीत ठेवायचं असेल तर खडबडीतच ठेवा, कितीही छान दिसत असलं तरी. आणि चूक झालीच, तर ती लाकडावर ठेवून देऊ नका. लाकडाला बोलता येत नाही. मी पाच वर्षं प्रयत्न केला.

मला बोलता येत नाही, पण टकळीला येतं. तिनं शिकंजा सैल केला आणि मला छातीशी धरलं. फेस माझ्या गालाला लागला. मग ती दोघांकडे वळली.

"उद्या मी शाळेत जाणार नाही. पहिल्या बसनं काकूंकडे जाणार आहे, याला घेऊन. त्यांच्या सासूबाईंना पडवीत बोलावणार आणि त्यांच्या डोळ्यांसमोर, त्याच फरशीवर, त्याच कोपऱ्यात याला टेकवून हात काढणार. आई, तू नाही म्हणालीस तरी जाणार. बाबा, तुम्ही यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आलात आणि तुम्ही बोललात, तर मी एक शब्दही बोलणार नाही. तुम्हाला माहितेय, मला ते किती अवघड आहे."

तिनं तोंड पुसलं.

"पण तुम्ही नाही बोललात, तर मी बोलणार."